ग्रँडमास्टर खेळणं सोडून शिकवायला बसतो तेव्हा : नाशिककर बुद्धिबळ-पालकांसाठी धागा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. लेक अकरा वर्षांची, सहावीत आहे. रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) १५४० च्या आसपास घुटमळतंय. पहिलीपासून इंदिरानगरमधल्या एका सरांकडे जाते. सर स्वतः फार वरचे खेळाडू नाहीत, पण पोरांवर जीव आहे. स्पर्धेला मुलं हरून बाहेर आली की आधी खायला घालतात, मग डाव विचारतात.

आता क्लासमधल्या दोघांनी सर सोडून एका ग्रँडमास्टरांचा ऑनलाइन क्लास धरलाय. तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषयच नाही. फी तासाला चार आकडी. ग्रँडमास्टरांचं नाव घेत नाही, चाळिशीतले आहेत, स्पर्धा खेळणं जवळपास बंद केलंय. फीचं आम्ही घरी बघू. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. एवढा चांगला खेळणारा माणूस खेळणं सोडून शिकवायला का लागतो? खेळ जमेना म्हणून, की शिकवणं जमतं म्हणून? आणि हे आमच्यासारख्या पालकांनी ओळखायचं कसं? घरात बुद्धिबळाची परंपरा शून्य. नवऱ्याला घोडा अडीच घरं जातो एवढंच माहीत आहे.

मिसळीतला कांदा

अडीच घरं माहीत आहेत म्हणजे आमच्या घरापेक्षा बरीच प्रगती आहे. चहा-खारी घेऊन बसलोय, चालू द्या.

सातपूरकर

ताई, सरळ बोलतो, राग मानू नका. ग्रँडमास्टर ही पदवी आहे, पगार नाही. जगातले वरचे मोजके सोडले तर नुसत्या बक्षिसांवर कोणाचं घर चालत नाही. पूर्वी खेळाडू कोट्यातून तेल कंपनीत, रेल्वेत, बँकेत चिकटायचे. आता घरबसल्या लॅपटॉपवर अमेरिकेतल्या पोरांना शिकवलं की तासाचे पैसे थेट खात्यात. मग स्पेनला जाऊन हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये राहून ओपन स्पर्धा कोण खेळेल?

आणि चांगला खेळणारा चांगला शिकवेलच याची खात्री नाही. अंबडला आमच्या कंपनीत सगळ्यात हुशार लेथ ऑपरेटरला सुपरवायझर केला. हात सोन्याचे. पण नव्या पोराने जॉब बिघडवला की हा त्याला बाजूला सारून स्वतःच करून मोकळा. त्याच्या हाताखाली एक पोरगा तयार झाला असेल तर शपथ.

घड्याळजी

सातपूरकर, पैशाचं खरं आहे, पण अर्धंच. मी स्पर्धांना पंच म्हणून उभा असतो, त्यामुळे पटाच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

ग्रँडमास्टर व्हायला २५०० रेटिंग आणि नॉर्म, म्हणजे तगड्या स्पर्धेत केलेली ठरावीक कामगिरी, लागतात. नॉर्म साधारण तीन, मिळून किमान २७ डाव, आणि प्रत्येक नॉर्मला कामगिरी २६०० च्या तोडीची. समोर ग्रँडमास्टर हवेत, परदेशी खेळाडू हवेत, म्हणून पोरं बुडापेस्टला नाहीतर सर्बियाला, स्पेनला जातात. एकदा पदवी मिळाली की ती जन्मभर. रेटिंग मात्र जन्मभर नसतं, आणि खरी गंमत तिथे आहे.

२४५० चा ग्रँडमास्टर आणि २०५० चा चौदा वर्षांचा मुलगा समोरासमोर आले. ४०० गुणांचा फरक, म्हणजे गणिताप्रमाणे ग्रँडमास्टरने ०.९२ गुण काढायला हवेत. डाव बरोबरीत सुटला, की त्याचे ४.२ गुण गेले, कारण त्याला १० चा गुणक (अपेक्षेपेक्षा जेवढं कमी-जास्त झालं त्याला ज्याने गुणायचं तो आकडा). मुलाला गुणक ४०, त्यामुळे त्याला १६.८ मिळाले. हरला तर ग्रँडमास्टरचे ९.२ जातात. आता आपल्याकडच्या ओपन स्पर्धेत पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना असेच कोवळे चेहरे समोर येतात. त्यातल्या निम्म्यांचं खरं बळ कागदावरच्या रेटिंगपेक्षा दीडशे-दोनशेने जास्त असतं, कारण रोज घरी इंजिन (खेळी तपासणारा संगणक-प्रोग्रॅम) घेऊन बसलेले असतात. ग्रँडमास्टर नऊ फेऱ्या घाम गाळतो, पाचवा-सहावा येतो, आणि रेटिंगमधून दहा-पंधरा गुण घालवून घरी जातो. हे तीन-चार स्पर्धांत झालं की माणूस विचार करायला लागतो.

त्यामुळे "खेळ जमेना" म्हणणं मला पटत नाही. खेळ जमतो. त्या खेळाचा हिशेब जमत नाही.

गोदाकाठ

घड्याळजी, हे कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे माझी लेक एखाद्या ग्रँडमास्टरशी बरोबरी करून आली की मी पेढे वाटायचे आणि त्याने कपाळाला हात लावायचा?

घड्याळजी

हो, आणि सही देताना हसायचंही त्यालाच!

अडीच घर

धागा छान आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. मी नाशिकरोडचा, नव्वदच्या दशकात आणि सन दोन हजारच्या आसपास बऱ्यापैकी खेळायचो. पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईच्या स्पर्धेला जाणाऱ्या पिढीतला. तेव्हा देशात ग्रँडमास्टर एका हाताच्या बोटांवर मोजावे लागत. आनंद १९८८, दिब्येंदू बारुआ १९९१, आपले प्रवीण ठिपसे १९९७, आणि २००० साली पुण्याचा अभिजित कुंटे. कुंटे चौथा. आज हा आकडा नव्वदीच्या घरात गेलाय.

गोदाकाठ, तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देण्यापेक्षा दोन माणसांच्या गोष्टी सांगतो. ब्रिटिश चॅम्पियनशिप ही जुनी, मानाची स्पर्धा. त्या वेळी राष्ट्रकुलातल्या खेळाडूंनाही ती खुली होती. २००२ ला ती जिंकली चेन्नईच्या आर. बी. रमेशने, २००३ ला अभिजित कुंटेने. लागोपाठ दोन वर्षं भारतीयांनी नेली म्हटल्यावर पुढे नियम बदलून बाहेरच्यांना दार बंद झालं. आता योगायोग बघा, त्या दोघांची नावं आज नव्या पिढीला खेळाडू म्हणून फारशी माहीत नाहीत. प्रशिक्षक म्हणून माहीत आहेत.

रमेश २००३ ला ग्रँडमास्टर झाले. इंडियन ऑइलची नोकरी होती. २००७ ला कॉमनवेल्थ बुद्धिबळ स्पर्धा जिंकली, तेव्हा वय एकतीस. म्हणजे उतरणीला लागलेला माणूस नव्हे. आणि दुसऱ्याच वर्षी, २००८ मध्ये, पत्नी आरती रामस्वामीबरोबर चेन्नईत 'चेस गुरुकुल' सुरू केलं. (आरती स्वतः महिला ग्रँडमास्टर, १९९९ ची १८ वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती.) शिकवण्यासाठी नोकरीही सोडली. सरकारी तेल कंपनीची नोकरी, आपल्याकडे लग्नाच्या बाजारात ज्याला पहिला नंबर. त्या वेळी ऑनलाइन क्लास नव्हते, डॉलर नव्हते, त्यांचा पुढे गाजलेला शिष्य प्रज्ञानंद तीन वर्षांचा होता. कोणाच्या भरवशावर सोडली असेल?

सातपूरकर म्हणतात पैशासाठी. २०२१ नंतर शिकवायला लागलेल्यांचं मी मान्य करीन. २००८ वाल्यांचं नाही.

सातपूरकर

मान्य. पण २००८ वाले किती आणि २०२१ वाले किती? ताईंना जो भेटलाय तो कुठल्या बॅचचा, ते बघा.

तळ्यात मळ्यात

पुण्याहून लिहितेय. आमचा अनुभव सांगते, नाव कोणाचंच घेणार नाही. मुलाला एका ग्रँडमास्टरांच्या ऑनलाइन बॅचला घातलं. स्क्रीनवर वीस-बावीस चौकोन. सर बोलायचे सुंदर, ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या खेळींच्या) फाइली द्यायचे, पोरगा खूश. पण सगळा सीझन संपेपर्यंत मुलाचा एकही डाव त्यांनी बघितला नाही. मी विचारलं तर ऑफिसमधून उत्तर आलं, "डाव तपासणी वेगळ्या पॅकेजमध्ये आहे."

मुलगा वीस खेळींपर्यंत ग्रँडमास्टरसारखा खेळतो, एकविसाव्या खेळीला त्याला काय करायचं ते माहीत नसतं.

मिसळीतला कांदा

"डाव तपासणी वेगळ्या पॅकेजमध्ये" हे कोणीतरी फ्रेम करून लावा रे.

फडताळ

ग्रँडमास्टर असणं आणि शिकवता येणं, यांचा संबंध लोकांना वाटतो तेवढा घट्ट नाही. रशियाच्या मार्क द्वोरेत्स्कीचं नाव प्रशिक्षकांमध्ये सगळ्यात वर घेतलं जातं. तो ग्रँडमास्टर नव्हता! त्याखालच्या इंटरनॅशनल मास्टर पदवीवर थांबला, म्हणजे स्वतःच थांबला. खेळायची ताकद होती, पण त्याने तिशीच्या आत शिकवण्याला वाहून घेतलं. वालेरी चेखोव १९७५ चा, आर्तुर युसुपोव १९७७ चा आणि सर्गेई दोल्मातोव १९७८ चा ज्युनिअर जगज्जेता. चार वर्षांत तीन, तिघेही याच्या हाताखालचे.

आणि युसुपोवची पुढची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. हा ऐंशीच्या दशकात जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेला खेळाडू, तीनदा कँडिडेट्सच्या (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेच्या) उपांत्य फेरीत. १९९० मध्ये मॉस्कोच्या घरात चोर शिरले, त्यांनी याला गोळी घातली. वाचला, जर्मनीला गेला, खेळत राहिला, आणि मग हळूहळू पूर्ण वेळ शिकवायला लागला. नवशिक्यापासून मास्टरपर्यंत पायरी-पायरीने नेणारा त्याचा अभ्यासक्रम आज जगभर वापरतात. आनंदने वेस्टब्रिज या गुंतवणूक कंपनीबरोबर अकादमी काढली तेव्हा ग्रँडमास्टर गेलफंडच्या जोडीला युसुपोवलाही मार्गदर्शक म्हणून घेतलं. म्हणजे द्वोरेत्स्कीकडून युसुपोवकडे आणि तिथून चेन्नईच्या पोरांकडे, अशी ती ओळ आली.

आपल्याकडेही बघा. बुद्धिबळातला पहिला द्रोणाचार्य पुरस्कार रघुनंदन गोखल्यांना मिळाला, ऐंशीच्या दशकात. तेव्हा देशात एकही ग्रँडमास्टर नव्हता!

अडीच घर

फडताळ, द्वोरेत्स्कीचं उदाहरण शंभर टक्के. पण एक जोडतो. त्याच्याकडे मुलं यायची ती आधीच मास्टर होऊन. १५४० च्या मुलीला शिकवणं हे वेगळंच कसब आहे.

आता कुंटेंचं. १९९७ आणि २००० चा राष्ट्रीय विजेता, २०२१ चा ध्यानचंद पुरस्कार. तो पुरस्कार खेळाडू म्हणून केलेल्या कामगिरीचा. पण मला त्यांचं मोठं काम वाटतं ते महिला संघाचं. २०२२ ला मामल्लपुरमच्या ऑलिम्पियाडला (देशोदेशींच्या संघांची स्पर्धा) हम्पी, हरिका, वैशाली, तानिया आणि भक्ती कुलकर्णी असा संघ, पहिलं मानांकन. शेवटच्या फेरीपर्यंत पुढे. शेवटच्या फेरीत अमेरिकेकडून १-३ हार, आणि सोन्याचं कांस्य झालं. भारतीय महिलांचं ते पहिलंच ऑलिम्पियाड पदक होतं, पण त्या रात्री कोणाला आनंद झाला असेल असं वाटत नाही.

२०२४ ला बुडापेस्टला पुन्हा कुंटेच कर्णधार. हम्पी नव्हती, दिव्या देशमुख आणि वंतिका अगरवाल होत्या. कर्णधार म्हणजे क्रिकेटसारखा मैदानात नव्हे. तो खेळत नाही. पाचपैकी कोणत्या चार जणी आज खेळणार, ते ठरवतो. डाव चालू असताना पटाच्या स्थितीबद्दल चकार शब्द काढता येत नाही, बरोबरी घ्यावी का एवढंच सांगता येतं, तेही पंचासमोर. म्हणजे माणूस सगळं जाणतो, चूक डोळ्यांसमोर होताना बघतो, आणि हात मागे बांधून फेऱ्या मारतो. ग्रँडमास्टरसाठी याच्याइतकी शिक्षा नाही.

पहिल्या पटावर हरिकाला सूर सापडत नव्हता. घरबसल्या आम्ही सगळे शहाणे "बाहेर बसवा तिला" म्हणत होतो. कुंटेंनी तिला कायमचं बाहेर बसवलं नाही. आठव्या फेरीला पोलंडने हरवलं, नवव्या फेरीला अमेरिकेशी वंतिकाने एकटीने बरोबरी वाचवली, दहाव्या फेरीला दिव्याने जिंकून चीनला पाडलं. शेवटच्या फेरीला अझरबैजान. हरिका जिंकली, दिव्या जिंकली, वंतिका जिंकली, वैशालीची बरोबरी. साडेतीन-अर्धा. सुवर्ण. त्या हॉलमधली बाकीची धावपळ मी कॅमेऱ्यातून बघत होतो, हरिकाच्या डावाकडे जास्त.

असं थांबणं खेळाडूला जमत नाही. खेळाडूला नेहमी स्वतःची खेळी दिसते. ज्याने स्वतःची भूक बाजूला ठेवली त्यालाच जमतं. मला वाटतं गोदाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. का सोडलं ते विचारू नका. सुटलंय का ते बघा. काही ग्रँडमास्टर शिकवत असतात, पण मनातून अजून पटावर असतात. क्लासमध्ये स्वतःचेच डाव दाखवतात, जिंकलेले.

गोदाकाठ

वाचनखूण साठवली. "सुटलंय का ते बघा", हे घरी नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे माझ्या साहेबाला पाठव.

कॅरोकान

मी नाशिकमध्येच क्लास घेतो, रेटिंग दोन हजाराच्या थोडं वर. म्हणजे या धाग्यात मी "सोडून दिले जाणारे सर" :) तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या.

आमच्यासारख्यांना काय येतं आणि कुठे थांबतं, ते सांगतो. मूल पाच वर्षांचं येतं तेव्हापासून साधारण १६००-१७०० पर्यंत आम्ही नेऊ शकतो, कधी त्याच्याही पुढे. डावपेच, मूलभूत एंडगेम (मोजके मोहरे उरलेला डावाचा शेवट), घड्याळ वापरणं, स्कोअरशीट (खेळी टिपायचा कागद) नीट लिहिणं, हरल्यावर हात मिळवणं. हे सगळं पटासमोर बसूनच होतं, स्क्रीनवर होत नाही. पुढे मात्र माझ्याच मुलाने मला प्रश्न विचारला की मी इंजिन उघडतो. आणि इंजिन "का" सांगत नाही, फक्त आकडा सांगतो. तिथे ग्रँडमास्टर लागतो.

मागे आमच्या शिबिराला एक ग्रँडमास्टर आले होते. फळ्यावरच्या मोठ्या पटावर त्यांनी चारच मोहरे लावले. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६ (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. पांढऱ्याची खेळी, डाव बरोबरीत सोडवायचा. जाणकार ओळखतील, रिचर्ड रेतीची १९२१ ची रचना. काळं प्यादं सुटलंय, पांढरा राजा दोन घरं मागे आहे, स्वतःचं प्यादं काळ्या राजाच्या तोंडात. बघताक्षणी हरलेला डाव. पुस्तकी पोरांनी लगेच हात वर केले. सरांनी त्यांना गप्प बसवलं आणि मागे बसलेल्या एका मुलीला विचारलं, "तू कसं हरशील ते दाखव."

ती बावचळली. मग राजा सरळ खाली पळवला, एच७, एच६. प्यादं दोन घरं पुढेच राहिलं. सर म्हणाले, "बरोबर. अजून एक तऱ्हेने हरून दाखव." आता ती सी-प्याद्याकडे धावली. तेही वाचलं नाही. अशा दोन-तीन तऱ्हेने हरून झाल्यावर तीच थबकली आणि म्हणाली, "सर, मग दोन्हीकडे एकदम जाऊ का?" तोपर्यंत उत्तर माहीत असलेल्या पोरांचाही चेहरा बदलला होता, कारण त्यांना खेळी पाठ होती, कारण पाठ नव्हतं.

मी तीच रचना कित्येक बॅचना शिकवलीय. "हरून दाखव" कधी सुचलं नाही.

मिसळीतला कांदा

उत्तर कोण सांगणार? मला कुठलंही माहीत नाही, मी हरून दाखवायला तयार आहे.

फडताळ

राजा जी७. प्यादं एच४. राजा एफ६, म्हणजे तिरका चाललाय. आता काळा राजा बी६ वर आला की राजा ई५! काळ्याने सी६ चं प्यादं खाल्लं तर राजा एफ४ वर जाऊन एच-प्यादं पकडतो. एच-प्यादं पुढे ढकललं तर राजा डी६ वर जाऊन आपलं प्यादं वाचवतो, आणि मग दोघांचे वजीर होतात. बरोबरी. पटावर तिरकं चालणं सरळ चालण्याइतकंच जवळचं असतं, भूमितीच्या मास्तरांना हे सांगू नका.

तळ्यात मळ्यात

कॅरोकान, तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं. पण मग आम्ही सरांना सोडलं की तुम्हाला राग येतो का? आमच्या जुन्या सरांनी नंतर फोन उचलला नाही.

कॅरोकान

राग सोडल्याचा येत नाही. न सांगता सोडल्याचा येतो. एखाद्या रविवारी मूल स्पर्धेला येतं, नमस्कार करावा की नाही म्हणून आईकडे बघतं, ते बघवत नाही.

अडीच घर

कॅरोकानला अनुमोदन. आणि हे "स्थानिक सर की ग्रँडमास्टर" द्वंद्वच खोटं आहे. आपला विदित गुजराथी घ्या ना. नाशिकचा पोरगा. इथल्या सरांनी घडवला, २००८ ला व्हिएतनाममध्ये १४ वर्षांखालची जागतिक स्पर्धा जिंकला. पुढे अलोन ग्रीनफेल्ड या इस्रायली ग्रँडमास्टरकडे शिकला. तेही खेळाडू असून प्रशिक्षक म्हणून नावाजलेले. २०१३ ला विदित ग्रँडमास्टर. २०२३ ला आइल ऑफ मॅनची ग्रँड स्विस त्याने ११ पैकी साडेआठ गुणांनी मारली आणि कँडिडेट्सचं तिकीट काढलं. टोरंटोला गुण १४ पैकी ६ च आले, पण अमेरिकेच्या नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं. पहिल्यांदा तर काळ्या मोहऱ्यांनी, उंटाचा बळी देऊन! नाकामुरा त्याआधी सलग ४७ क्लासिकल डाव हरला नव्हता.

त्याच ग्रँड स्विसमध्ये महिला गटात पहिली कोण? वैशाली. रमेशची विद्यार्थिनी. एकाच व्यासपीठावर नाशिक आणि गुरुकुल.

घड्याळजी

इंजिनचा मुद्दा कॅरोकाननी काढला, म्हणून एक सांगतो. गुकेशला विष्णु प्रसन्नांनी घडवला, ते २०१३ चे ग्रँडमास्टर. त्यांनी गुकेशला ग्रँडमास्टर होईपर्यंत इंजिन वापरू दिलं नाही. बारा वर्षं सात महिन्यांचा असताना तो ग्रँडमास्टर झाला, आणि १८ व्या वर्षी, १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला डिंग लिरेनला ७.५-६.५ ने हरवून जगज्जेता. विष्णु स्वतः त्या वेळी चांगले खेळत होते. आपल्या पालकांना मात्र मूल १२०० चं असतानाच प्रत्येक खेळीला इंजिनचा आकडा बघायचा असतो. स्पर्धेच्या हॉलबाहेर बघा कधी. मूल आत विचार करतंय, आणि बाहेर बाबा मोबाईलवर "प्लस दोन होता, घालवला" म्हणत डोकं धरून बसलेत.

सातपूरकर

हा टोमणा मला आहे ना? :) ठीक आहे. एक प्रश्न मात्र राहतोच. चांगला ग्रँडमास्टर प्रशिक्षक ओळखायचा कसा? फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेची, ट्रेनरची पदवी बघायची का? सिनियर ट्रेनर, ट्रेनर, इन्स्ट्रक्टर असं काहीतरी असतं.

घड्याळजी

असतं, आणि बघावी. पण सिनियर ट्रेनर हे मोठ्या खेळाडूंना घडवल्याबद्दल मिळतं. ताईंच्या १५४० च्या मुलीसाठी त्याने काय फरक पडेल सांगता येत नाही.

अडीच घर

मी काय बघीन ते सांगतो. पहिल्या क्लासला मुलाचे हरलेले डाव मागतो का? ते मागताना स्कोअरशीटवर वेळ लिहिलीय का विचारतो का? (कोणत्या खेळीला वीस मिनिटं घातली आणि कोणत्या खेळीला वीस सेकंद, ते पाहिलं की मूल कुठे घाबरतं ते कळतं. खेळीपेक्षा ते महत्त्वाचं.) आणि तिसरं, आधीच्या सरांबद्दल काय बोलतो. "कोणी शिकवलं तुला हे?" असं तुच्छतेने विचारणाऱ्याला रामराम. बाकी पदवी-बिदवी नंतर.

हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट) नाही, अजून भांडायला आहे.

गोदाकाठ

मंडळी, अपडेट देते. सरांशी आधी बोलले. वाटलं होतं नाराज होतील. उलट तेच म्हणाले, "मीच सुचवणार होतो, पण तुम्हाला वाटलं असतं मी टाळतोय." त्यांच्याकडचा क्लास चालूच ठेवतोय, आणि त्या ग्रँडमास्टरांकडे महिन्यातून मोजकेच तास, फक्त डाव तपासायला. चाचणी क्लास परवा झाला.

त्यांनी खरंच हरलेले डाव मागितले! लेकीने जिंकलेले काढून ठेवले होते, ते बघितलेही नाहीत. एका डावात तिने घोडा फुकट घालवलाय, त्यावर मला वाटलं आता बोलणार. त्यांनी त्याच्या चार खेळी आधीचं पान काढलं आणि विचारलं, "इथे तुला काय हवं होतं?" ती म्हणाली, "काही नाही, समोरची मुलगी खूप पटकन खेळत होती." मग अर्धा तास त्यावरच बोलणं. पट बाजूलाच.

शेवटी गृहपाठ दिला : दोन महिने ओपनिंगच्या फाइली बंद, रोज एक प्याद्यांचा एंडगेम, उत्तर वहीत हाताने लिहायचं. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "क्लास चालू असताना आईने मागे बसायचं नाही." मी दार लोटून घेतलं, पण कान तिकडेच.

तळ्यात मळ्यात

या ग्रँडमास्टरांचं सुटलंय. नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा.

सातपूरकर

फी कमी केली का काही?

गोदाकाठ

नाही हो. एक रुपया नाही!

घड्याळजी

ताई, लेकीला स्कोअरशीटवर वेळ लिहायची सवय लावा, पण ती खेळीच्या बाजूलाच. आमच्याकडे परवा एका मुलाने हातावर लिहून आणली होती, पंच म्हणून मला त्याचा हात धुवायला लावावा लागला.